विश्लेषण : पीएसए आणि पीएसएमए एकच का? प्रोस्टेट कर्करोगाचा पत्ता सांगणारे मानवी एन्झाइम प्रयोगशाळेत का तयार करावे लागले?

'बाबांच्या रिपोर्टवर पीएसएमए लिहिलंय. म्हणजे पीएसए वाढलाय का?' काही महिन्यांपूर्वी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज पडला, तेव्हा ग्रुपमधल्या इंजिनीअर मंडळींपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. दोघांनी 'हो, एकच असतं ते' असे ठोकून दिले. तिसऱ्याने कुठल्याशा जैवरसायन कंपनीच्या कॅटलॉगची लिंक टाकली. तिथे 'रीकॉम्बिनंट मानवी पीएसएमए' अशी कुपी विक्रीला होती. मग 'हे औषध भारतात मिळतं का?' अशी विचारणा सुरू झाली.

उत्तर आधीच सांगून टाकू. पीएसए आणि पीएसएमए एक नाहीत. कॅटलॉगमधली ती कुपी औषधही नाही. मात्र त्या कुपीतल्या एन्झाइमवर वर्षानुवर्षे मोजमापे झाली नसती, तर प्रोस्टेट कर्करोगात आज वापरला जाणारा पीएसएमए पेट स्कॅन आणि ल्युटेशियमचा उपचार ही दोन्ही साधने आजच्या रूपात हाती आली नसती. हे कसे घडले आणि रुग्णाच्या कुटुंबाने यातले काय समजून घ्यावे, ते पाहू.

पीएसएमए चर्चेत का आहे?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २८ मार्च २०२५ रोजी नोव्हार्टिस कंपनीच्या 'प्लुविक्टो' या औषधाचा वापर वाढवण्यास मंजुरी दिली. मार्च २०२२ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, तेव्हा ते हार्मोन उपचार आणि केमोथेरपी दोन्ही घेऊन झालेल्या रुग्णांपुरते होते. आता हार्मोन उपचारांना दाद न देणाऱ्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगात ज्यांची केमोथेरपी पुढे ढकलता येण्याजोगी आहे, त्यांनाही ते देता येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्लिन येथील युरोपीय कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत 'पीएसएमएडिशन' या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. या चाचणीतले १,१४४ रुग्ण त्याहून आधीच्या टप्प्यातले होते. कर्करोग पसरलेला, पण हार्मोन उपचारांना अजून प्रतिसाद देणारा. नेहमीच्या उपचारांना या औषधाची जोड दिल्यावर आजार पुढे सरकण्याचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. एकूण आयुर्मान वाढते का, याचे पक्के उत्तर मात्र तेव्हा मिळालेले नव्हते.

योगायोगाने त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेट कर्करोग झाल्याचे जाहीर झाले आणि या आजाराविषयीचे शोध अचानक वाढले. आजार मुळातच मोठा आहे. २०२२ मध्ये जगभरात प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आढळले आणि जवळपास चार लाख मृत्यू झाले. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार नव्या रुग्णांचा वार्षिक आकडा २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल.

पीएसए आणि पीएसएमए यांत फरक काय?

दोन्ही एन्झाइम आहेत, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकरे. शरीरातली एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारी प्रथिने. घोळ इथूनच सुरू होतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या पेशींतून बाहेर सोडले जाते. घट्ट झालेले वीर्य पातळ करणे हे त्याचे नेमलेले काम. ग्रंथीची रचना बिघडली की ते रक्तात जास्त प्रमाणात झिरपते आणि रक्ततपासणीत आकडा वाढलेला दिसतो. पण ग्रंथी केवळ वयोमानाने वाढली असेल किंवा तिला संसर्ग झाला असेल, तरीही आकडा वाढतो. आणि कर्करोग असेलच, तर तो कुठे आहे हे पीएसए सांगू शकत नाही.

पीएसएमए रक्तात सोडण्यासाठी बनलेलेच नाही. ते पेशीच्या आवरणात रुतलेले असते. ७५० अमिनो आम्लांच्या या साखळीतली १९ पेशीच्या आत, २४ आवरणात आणि उरलेली ७०७ बाहेर असतात. प्रोस्टेटच्या निरोगी पेशीवरही ते थोडे असते, कर्करोगाच्या पेशीवर बहुतेकदा कितीतरी पटींनी जास्त. पीएसए म्हणजे सोसायटीच्या जिन्यात पसरलेला धूर. काहीतरी जळते आहे एवढे कळते, कोणत्या मजल्यावर ते कळत नाही. पीएसएमए म्हणजे दारावरची पाटी. ती वाचता आली तर नेमके घर सापडते.

तसे प्रोस्टेट कर्करोग आणि एन्झाइम यांचे नाते जुने आहे. १९३८ मध्येच या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेले आढळले होते. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये त्याचीच पातळी मोजून दाखवले, की पुरुषी हार्मोन तोडले की हा कर्करोग मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आजही सर्रास लिहून दिले जाणारे ॲबिराटेरोन हे औषध 'सीवायपी१७' या एन्झाइमलाच रोखते.

एकाच एन्झाइमला तीन नावे कशी पडली?

ही गोष्ट हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीसारखी आहे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात प्रोस्टेट कर्करोगाच्या एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जात होत्या. एलएनकॅप हे त्यांचे नाव. आजही जगभर त्या वापरल्या जातात. १९८७ मध्ये तिथल्या संशोधकांनी या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. ते कशाला चिकटते हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात त्या प्रथिनाचे जनुक वेगळे करण्यात आले आणि त्याला प्रोस्टेट स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन, म्हणजे पीएसएमए, हे नाव रुळले. नावात 'एन्झाइम' कुठेच नाही. कारण ते काही काम करते याची कल्पनाच नव्हती. कर्करोगाच्या पेशीवरची एक खूण, एवढीच त्याची ओळख.

त्याच काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मेंदूचे अभ्यासक वेगळ्याच कामात होते. चेतापेशींमध्ये 'नाग' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक छोटा रेणू असतो. त्याचे तुकडे करून ग्लुटामेट मोकळे करणारे एन्झाइम त्यांनी १९८७ मध्ये नोंदवले होते. ग्लुटामेट मेंदूत फार झाले तर पेशींना इजा होते. त्यामुळे पक्षाघात, वेदना अशा आजारांत हे एन्झाइम रोखता आले तर उपयोग होईल, या आशेने त्यावर काम सुरू होते. तिकडे पोषणशास्त्राच्या अभ्यासकांना लहान आतड्याच्या अस्तरावर एक एन्झाइम ठाऊक होते. मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांतले फोलेट ज्या रूपात पोटात जाते, त्या रूपात ते शोषले जात नाही. त्याच्या शेपटीला लागलेले ग्लुटामेटचे मणी एकेक करून तोडावे लागतात. ते काम हे एन्झाइम करते.

१९९६ मध्ये कोडे सुटले. मेंदूतले, आतड्यातले आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशीवरचे हे तिन्ही एकच होते. काम तेच, साखळीच्या टोकाचे ग्लुटामेट छाटणे. जनुकाचे अधिकृत नाव आजही 'एफओएलएच१' आहे आणि त्यात फोलेटच आहे. कर्करोगाचा उल्लेख नाही.

मला यातला सर्वात महत्त्वाचा भाग हा वाटतो. खूण केवळ खूण असते, तेव्हा तिला चिकटणारे काहीतरी शोधावे लागते आणि ते बरेचसे नशिबावर असते. पण ती खूण म्हणजे एन्झाइम आहे हे कळले, की त्याला एक खाच आहे, त्या खाचेत काय बसते हे ठाऊक आहे आणि ती बंद करणारा रेणू घडवता येतो, हे ओघाने आले. मेंदूच्या अभ्यासकांनी असे रेणू आधीच घडवायला घेतले होते. कर्करोगतज्ज्ञांना ते जवळजवळ तयार मिळाले.

याच वर्षी, १९९६ मध्येच, बफेलोच्या त्या प्रतिपिंडावर आधारित 'प्रोस्टासिंट' या स्कॅनला एफडीएची मंजुरी मिळाली होती. तो फारसा यशस्वी ठरला नाही. ते प्रतिपिंड पीएसएमएच्या पेशीच्या आतल्या टोकाला चिकटत होते. म्हणजे जिवंत पेशीच्या बंद दाराआडची पाटी वाचण्याचा प्रयत्न. प्रामुख्याने मेलेल्या, फुटलेल्या पेशीच त्याला दिसत.

मानवी एन्झाइम प्रयोगशाळेत कसे बनते?

खाचेत नेमके काय बसते हे तपासायचे तर शुद्ध एन्झाइम हवे. रुग्णाच्या गाठीतून ते काढायचे म्हटले तर मिळते अत्यल्प आणि त्यात इतर शेकडो प्रथिनांची भेसळ. उंदराचे वापरले तर तो माणसाचा हिशेब नव्हे. उंदराच्या प्रोस्टेटमध्ये हे एन्झाइम माणसासारखे आढळतही नाही. म्हणून माणसाचे जनुक घ्यायचे, दुसऱ्याच एखाद्या पेशीत घालायचे आणि त्या पेशीकडून माणसाचे एन्झाइम बनवून घ्यायचे. यालाच रीकॉम्बिनंट, म्हणजे पुनर्संयोजित, प्रथिन म्हणतात. १९८२ मध्ये मंजूर झालेले मानवी इन्सुलिन याच मार्गाने आले. मधुमेहाच्या लाखो रुग्णांना ते परिचित आहे.

इन्सुलिन साध्या जिवाणूकडून बनवून घेता येते. पीएसएमए तसे सहज बधत नाही. या प्रथिनावर ठिकठिकाणी साखरेच्या साखळ्या चढलेल्या असतात. जिवाणूंना ही कलाकुसर जमत नाही आणि त्या साखळ्यांवाचून एन्झाइम कामच करत नाही. चेक प्रजासत्ताकात प्राग येथील संशोधकांनी यावर काढलेला तोडगा पुढे खूप वापरला गेला. त्यांनी फळमाशीच्या पेशी घेतल्या. या पेशी साखरेच्या साखळ्या चढवतात आणि मोठ्या प्रमाणात वाढवताही येतात. शिवाय त्यांनी साखळीचा सुरुवातीचा भाग, म्हणजे पेशीच्या आतला आणि आवरणात रुतणारा तुकडा, वगळला. ४४ ते ७५० क्रमांकांची अमिनो आम्लेच ठेवली. आवरणात रुतणारी मुळी काढल्यामुळे एन्झाइम पेशीला न चिकटता द्रवात सुटे मिळू लागले. २००२ मध्ये या गटाने रीकॉम्बिनंट मानवी एन्झाइमचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ते काय तोडते, किती वेगाने तोडते, कशाने थांबते.

अभियांत्रिकीच्या कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे टेस्ट बेंचसारखे वाटेल. इंजिन गाडीतून उतरवून बेंचवर लावायचे आणि एकेक गोष्ट बदलून मोजायचे. इथे परीक्षानळीत एन्झाइम घेतात, त्याला तोडायला 'नाग' देतात आणि ठरावीक वेळात किती ग्लुटामेट मोकळे झाले ते मोजतात. मग तपासायचा रेणू थोडा थोडा वाढवत नेतात. एन्झाइमचे काम निम्म्यावर यायला तो रेणू किती लागला, हा आकडा लिहून ठेवतात. तो जितका लहान, तितका रेणू खाचेत घट्ट बसला. असे शेकडो रेणू तपासल्यावर त्यातले मोजके उंदरांपर्यंत आणि त्यातला एखादाच माणसापर्यंत जातो.

आता कॅटलॉगमधल्या त्या कुपीकडे येऊ. तिच्यात मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके एन्झाइम असते आणि अशा उत्पादनांवर 'केवळ संशोधनासाठी' असे लिहिलेले असते. ते रुग्णाला टोचून काही साधणार नाही. त्याच्या गाठीवर ते आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. ती कुपी कुलपाची प्रतिकृती आहे. किल्ल्या तपासून पाहण्यासाठी.

मग किल्ली कशी घडली?

२००१ मध्ये अमेरिकेत ॲलन कोझिकोव्स्की यांच्या गटाने युरियाच्या सांध्यावर बेतलेले काही छोटे रेणू प्रसिद्ध केले. त्यांचा उद्देश मेंदूतले ग्लुटामेट कमी करणे हाच होता. हेच रेणू कर्करोगाची पाटी वाचायला वापरता येतील, हे जॉन्स हॉपकिन्समधील मार्टिन पॉम्पर यांनी हेरले आणि त्यांना किरणोत्सारी अणू जोडून पाहिले. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेतून रीकॉम्बिनंट एन्झाइमच्या स्फटिकाची रचना प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी अधिक स्पष्ट अशी दुसरी. त्यातून दिसले, की जस्ताचे दोन अणू एका खोल बोगद्याच्या तळाशी बसलेले आहेत. बोगद्याची लांबी सुमारे दोन नॅनोमीटर. तळाशी ग्लुटामेटच्या मापाचा एक कप्पा.

यावरून किल्लीचा आकार ठरतो. टोकाला ग्लुटामेट, मधे जस्ताला धरून ठेवणारा युरियाचा सांधा आणि मग लायसिन. ही झाली किल्लीची पाती. किरणोत्सारी धातूला धरून ठेवणारा पिंजरा मोठा असतो, तो बोगद्यात मावत नाही. म्हणून लायसिनला शेपटी जोडायची आणि ती इतकी लांब ठेवायची, की पिंजरा बोगद्याच्या तोंडाबाहेर राहील. शेपटी कशाची बनवायची यावरही बरेच काही अवलंबून असते, कारण बोगद्याच्या भिंतीही तिला धरून ठेवतात.

जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी याच पद्धतीने २०१२ मध्ये पीएसएमए-११ आणि २०१५ मध्ये पीएसएमए-६१७ हे रेणू मांडले. पहिल्याच्या पिंजऱ्यात गॅलियम-६८ ठेवले की तो स्कॅनसाठी. त्याचे अर्धायुष्य ६८ मिनिटे, म्हणजे चित्र काढण्यापुरते. दुसऱ्याच्या पिंजऱ्यात ल्युटेशियम-१७७ ठेवले की तो उपचारासाठी. अर्धायुष्य साधारण साडेसहा दिवस आणि त्याचे बीटा किरण ऊतींमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात. रेणू बाहेर चिकटला की पेशी त्याला एन्झाइमसकट आत ओढून घेते, हा आणखी एक फायदा. हाच ल्युटेशियमवाला रेणू म्हणजे प्लुविक्टो. त्याचे हक्क असलेली 'एंडोसाइट' ही कंपनी नोव्हार्टिसने २०१८ मध्ये २.१ अब्ज डॉलरला विकत घेतली.

आकडे काय सांगतात?

स्कॅनबाबतचा पुरावा भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेली 'प्रोपीएसएमए' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. धोका जास्त असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनच्या आधी कर्करोग किती पसरला आहे हे ओळखण्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के होती. नेहमीच्या सीटी आणि बोन स्कॅनची मिळून ६५ टक्के. त्याच वर्षी १ डिसेंबरला एफडीएने गॅलियमच्या स्कॅनला मंजुरी दिली.

उपचाराबाबत उत्साह थोडा आवरता घ्यावा लागतो. 'व्हिजन' या निर्णायक चाचणीत ८३१ रुग्ण होते, सगळे हार्मोन उपचार आणि केमोथेरपी घेऊन थकलेले. ज्यांना ल्युटेशियम मिळाले त्यांचे मध्यक आयुर्मान १५.३ महिने, ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांचे ११.३ महिने. फरक चार महिन्यांचा. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ३.४ वरून ८.७ महिन्यांवर गेला. अशा टप्प्यावर हे मोठे यश मानले जाते आणि ते खरेही आहे. पण 'कर्करोग जाळून टाकणारे औषध' असे मथळे वाचून जे मनात येते, ते हे नव्हे. काही रुग्णांत परिणाम सरासरीपेक्षा कितीतरी चांगला दिसतो, काहींत दिसतच नाही.

दुसरी एक चाचणी बातम्यांमध्ये क्वचितच येते. ऑस्ट्रेलियातील 'थेरपी' चाचणीत २०० रुग्णांमध्ये ल्युटेशियम-पीएसएमएची तुलना थेट कॅबाझिटॅक्सेल या केमोथेरपीशी झाली. पीएसए निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्या रुग्णांचे प्रमाण ल्युटेशियमच्या गटात ६६ टक्के, केमोच्या गटात ३७ टक्के. दुष्परिणामही ल्युटेशियममध्ये कमी. मात्र पुढे आयुर्मान मोजले तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले, सुमारे १९ महिने. म्हणजे शेवटच्या टप्प्यात हा केमोथेरपीला पर्याय आहे, त्रास कमी असलेला पर्याय आहे, पण केमोला मागे टाकून आयुष्य वाढवतो असे या चाचणीतून सिद्ध झाले नाही. घरात कुणी 'केमो नको, ल्युटेशियमच द्या' असे म्हणत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

नावातले 'स्पेसिफिक' कितपत खरे?

अर्धेच. मूत्रपिंडांवर हे एन्झाइम भरपूर असते, लहान आतड्यावर असते, मेंदूत असते. इतर अवयवांतल्या काही कर्करोगांत गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवरही ते आढळते. पीएसएमए पेटच्या चित्रात लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि मूत्रपिंडे झळझळीत दिसतात. रिपोर्ट न वाचता नुसते चित्र पाहिले तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ते प्रसरण नसते.

उपचारात मात्र याची किंमत मोजावी लागते. व्हिजन चाचणीत ल्युटेशियम घेतलेल्या जवळपास ३९ टक्के रुग्णांना तोंड कोरडे पडण्याचा त्रास झाला. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागणे हा किरकोळ त्रास नव्हे. ॲक्टिनियम-२२५ हा अधिक जहाल अणू जोडला तर गाठींवर मारा वाढतो आणि तोंडाचा त्रासही इतका वाढतो, की काही रुग्ण उपचार मध्येच सोडतात. लाळग्रंथींमध्ये हा रेणू केवळ एन्झाइममुळेच ओढला जातो असेही नाही, त्यामुळे ही अडचण अजून सुटलेली नाही. थकवा, रक्तपेशी घटणे हे इतर दुष्परिणाम.

उलट बाजूही आहे. काही गाठींवर हे एन्झाइम नसतेच, किंवा आजार जुना आणि आक्रमक होत गेला की नाहीसे होते. पाटीच नसेल तर किल्ली घेऊन जायचे कुठे? व्हिजन चाचणीसाठी स्कॅन केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्केच निकषांत बसले. म्हणून आधी स्कॅन, मग उपचार हा क्रम. 'स्कॅनचा खर्च वाचवून थेट डोस द्या' ही मागणी समजण्यासारखी असली, तरी चुकीची आहे.

कर्करोगाची पेशी हे एन्झाइम इतके बनवते तरी कशाला, हा प्रश्न उरतोच. २०१८ मध्ये मेमोरियल स्लोन केटरिंगमधील संशोधकांनी एक दुवा मांडला. हे एन्झाइम फोलेटच्या शेपटीतले ग्लुटामेट तोडते आणि ते मोकळे ग्लुटामेट पेशीला वाढीचा इशारा देते, असा. यावरून पालेभाज्या बंद करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. पेशींतल्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांवरून ताट ठरवता येत नाही.

यात मुंबईचा वाटा कोणता?

ल्युटेशियम साठवून ठेवता येत नाही. साडेसहा दिवसांत निम्मे, तेरा दिवसांत पाव. त्यामुळे ते कुठे बनते याला औषधाइतकेच महत्त्व आहे. मे २०२२ मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर दोनच महिन्यांत, नोव्हार्टिसला इटलीतील इव्हरिया आणि अमेरिकेतील मिलबर्न येथील उत्पादन गुणवत्तेच्या कारणावरून काही काळ थांबवावे लागले आणि तिकडचे रुग्ण ताटकळले.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील 'ध्रुव' अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. नवी मुंबईत वाशी येथील 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था किरणोत्सारी औषधे रुग्णालयांना पुरवते. परळला टाटा मेमोरियलच्या परिसरात भाभा केंद्राचेच रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. ल्युटेशियम-पीएसएमएचे उपचार तिथे आणि दिल्लीच्या एम्समध्ये अमेरिकेतल्या मंजुरीच्या कितीतरी आधीपासून दिले जात आहेत आणि त्यांचे अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. अणू देशातच बनत असल्याने प्रत्येक डोससाठी परदेशी कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. 'भारतात कुठे मिळेल?' या ग्रुपवरच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

एक तांत्रिक बारकावा नोंदवायला हवा. ध्रुवमध्ये ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा मारा करून १७७ मिळवतात. काही अणू बदलतात, बरेच तसेच राहतात आणि रासायनिकदृष्ट्या दोन्ही सारखेच असल्याने वेगळे करता येत नाहीत. पेशीवर एन्झाइमच्या जागा मर्यादित असतात. साध्या अणूला घेऊन बसलेल्या किल्लीनेही एक जागा अडतेच. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा जितका तीव्र, तितकी ही अडचण कमी होते. परदेशी औषधात यटर्बियमपासून बनवलेले, जवळजवळ निर्भेळ ल्युटेशियम मिळू शकते, पण ते महाग पडते.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहावे?

'पीएसएमए पेट-सीटी' हे तपासणीचे नाव आहे, निकाल नव्हे. निकाल शेवटच्या परिच्छेदात, 'इम्प्रेशन'खाली असतो. लसिकाग्रंथी, हाडे, यकृत असे प्रत्येक ठिकाण वेगळे लिहिलेले असते. 'एसयूव्ही' हा आकडा त्या ठिकाणी रेणू किती जमला ते सांगतो. तो मोठा असणे म्हणजे पीएसएमए भरपूर आहे, आणि ल्युटेशियमचा विचार चालला असेल तर ती एका अर्थी अनुकूल गोष्ट ठरते. आकडा लहान आणि गाठ मोठी असेल, तर डॉक्टर बहुधा साखरेवर आधारित दुसरा, 'एफडीजी' पेट स्कॅन सुचवतील. तसे सुचवले तर तो दुहेरी खर्च उगाच लावला असे समजू नये. पाटी नसलेल्या गाठी बऱ्याचदा त्यातच दिसतात.

ग्रुपवरच्या त्या मित्राने नंतर रिपोर्टचे फोटो पाठवले. वडिलांची प्रोस्टेट काही वर्षांपूर्वी काढलेली होती आणि पीएसए हळूहळू वर सरकत होता, म्हणून स्कॅन सांगितला होता. ओटीपोटातल्या एका लसिकाग्रंथीखेरीज कुठेही काही नव्हते. पीएसएचा आकडा वेगळ्या कागदावर होता, रक्ततपासणीच्या. तो कागद त्याने पाठवलाच नव्हता.